जॅझमास्टरला बारीक तारा का सोसत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: १९६२ च्या नमुन्यावर जपानमध्ये बनलेली फेंडर कंपनीची जॅझमास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हाती आली आहे, तारा १० नंबरच्या (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) आहेत. जरा जोरात वाजवलं की सहावी तार सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) खाचेतून निसटते, ब्रिजमधून सारखी झणझण येते, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारा तो रुंद, घंटेसारखा आवाज काही निघत नाही. ब्रिज बदलावा, पिकअप (तारेचं कंपन टिपणारे चुंबक आणि कॉइल) बदलावेत, की गिटारच विकून टाकावी?

विकू नका, आणि इतक्यात काही विकतही घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन गिटारीच्या नाहीत, तारांच्या आहेत. तिसरीचं उत्तर पिकअपचं कव्हर उघडल्याशिवाय देता येणार नाही. पण आधी ही गिटार कुणासाठी बनली होती ते पाहू, कारण तिच्या सगळ्या खोडी तिथूनच निघतात.

जॅझमास्टर १९५८ मध्ये आली. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर तेव्हा बाजारात होत्याच, पण जॅझवाले आपल्या पोकळ पोटाच्या गिटारी सोडायला तयार नव्हते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांनी त्यांच्यासाठी ही गिटार घडवली. बसून वाजवताना मांडीवर नीट बसावी म्हणून बॉडीची कंबर दोन्ही बाजूंना वर-खाली सरकवली, फेंडरच्या गिटारीवर पहिल्यांदाच रोझवूडचा फ्रेटबोर्ड आणला, आणि किंमत ठेवली सुमारे ३३० डॉलर, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरपेक्षा जास्त. कारखान्याच्या दृष्टीने ही सर्वांत वरच्या दर्जाची गिटार होती. तेव्हा दुकानातून निघताना तिच्यावर जाड तारा असत: पहिली १२ ची, तिसरीसुद्धा गुंडाळलेली, आणि गुंडाळी बहुधा सपाट पट्टीची. ब्रिज, ट्रेमोलो (दांडी हलवून सूर वर-खाली करायची यंत्रणा), पिकअप सगळं या तारांच्या ओढीचा हिशोब धरून ठरलेलं आहे.

जॅझवाल्यांनी तिला फारशी दाद दिली नाही. जॅझ गिटारवादक जो पास यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती वाजवली, पण तो अपवादच. तिला उचललं ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ बँडवाल्या पोरांनी. स्प्रिंगचा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम), जाड तारा, ब्रिजजवळ पिकने केलेली टकटक आणि दांडीची हलकी थरथर, या सगळ्यासाठी ही गिटार जणू मापून शिवली होती. मग साठच्या दशकाच्या अखेरीस तारा खेचून वाजवण्याची लाट आली, ९ आणि १० नंबरच्या तारा सर्रास झाल्या, आणि जॅझमास्टर बदनाम झाली. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली होती. १९८० मध्ये या मॉडेलचं उत्पादन थांबलं. पडलेल्या भावात जुन्या बाजारात मिळते म्हणून टॉम व्हर्लेन, एल्व्हिस कॉस्टेलो, पुढे सॉनिक यूथ, जे मॅस्किस, केव्हिन शील्ड्स अशा रॉक वादक आणि बँडच्या हाती ती गेली. आजची तिची किंमत आहे ती त्यांच्यामुळे, जॅझमुळे नव्हे.

आता तुमची निसटणारी तार. ब्रिजच्या मागे तार लांबवर जाऊन ट्रेमोलोच्या प्लेटमध्ये अडकते, त्यामुळे सॅडलवरून ती फारच कमी कोनात वळते. तार सॅडलवर किती जोराने दाबून बसते हे दोनच गोष्टींवर ठरतं: तारेचा ताण आणि हा कोन. १० नंबरच्या संचाचा एकूण ताण या लांबीच्या गिटारीवर सुमारे ४७ किलो असतो. कोन ५ अंश धरला तर ब्रिजवर खाली दाब येतो जेमतेम ४ किलो, तोही सहा तारांत वाटलेला. ११ नंबरचा संच लावला की ताण होतो सुमारे ५३ किलो. त्यात कोन दीड अंशाने वाढवला तर दाब ६ किलोपर्यंत जातो. दीडपट. जुन्या सॅडलना मळसूत्रासारख्या उथळ खाचा असतात, त्यामुळे कमी दाबात तार शेजारच्या खाचेत उडी मारते. झणझणही त्याच दाबाअभावी येते: सॅडलचे उंचीचे बारीक पेच सैल थरथरत राहतात.

म्हणून पहिलं काम तारा. ११ ते ४९ चा (पहिली तार ११, सहावी ४९) संच घ्या. बोटांना जड वाटलं तर अर्धा सूर खाली लावण्याचा मोह होईल. तसं केलंत तर मिळवलेला ताण पुन्हा गेला.

दुसरं काम बॉडीत नेक बसते त्या खोबणीत पाचर. तारा उतरवा, नेकचे चारही स्क्रू काढा. पाचरीची जाड कड ब्रिजच्या बाजूला, पातळ कड नटच्या (नेकच्या डोक्याकडच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) बाजूला. त्यामुळे नेक किंचित मागे झुकते, तारा फ्रेटच्या जवळ येतात, आणि ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जागेवर आणायला ब्रिज वर घ्यावा लागतो. आपल्याला तेच हवं आहे. नेक बॉडीला सोळाव्या फ्रेटच्या आसपास मिळते आणि तिथून ब्रिज सुमारे २५७ मिलिमीटरवर आहे, म्हणून अर्ध्या अंशाच्या पाचरीने ब्रिज साधारण सव्वादोन मिलिमीटर वर येतो, एक अंशाने साडेचार. बहुतेक गिटारींना अर्धा अंश पुरतो. ब्रिज सध्या बॉडीला टेकत आला असेल तरच एक अंशाची वापरा.

पाचर पूर्ण खोबणीभर, उतरती घासलेली लाकडाची असावी. व्हिजिटिंग कार्डाचा अर्धा मिलिमीटर जाडीचा तुकडा खोबणीच्या टोकाशी ठेवूनही कोन मिळतो, आणि अंदाज घ्यायला ते चालतं. पण कायम ठेवू नका. तुकड्याच्या पुढे पोकळी राहते, स्क्रू आवळल्यावर लाकूड त्या पोकळीत हळूहळू वाकतं, आणि काही महिन्यांनी सोळाव्या फ्रेटच्या पुढचा भाग उसळी मारल्यासारखा वर येतो. मग वरच्या फ्रेटवर तारा घासतात आणि दोष बिचाऱ्या ब्रिजला मिळतो.

नेक परत बसवताना आधी स्क्रू पूर्ण आवळू नका. सहाव्या आणि पहिल्या तारेला थोडा ताण द्या, दोन्ही तारा फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा, नेक हाताने डावी-उजवी सरकवून जागेवर आणा आणि मग कोपऱ्यातून कोपऱ्यात आवळत जा.

ब्रिजची उंची दोन खांबांच्या आतल्या पेचांनी वाढवायची, सॅडलच्या पेचांनी नव्हे. सॅडलचे पेच लांब बाहेर आले की तेच जास्त थरथरतात. मात्र सॅडल अगदी तळाशीही नको, कारण मग तार ब्रिजच्या मागच्या कडेला किंवा इंटोनेशनच्या (सॅडल पुढे-मागे सरकवायच्या) स्क्रूच्या डोक्याला घासते आणि सितारीसारखी जवारी ऐकू येते. मागून डोळा लावून बघा. तार आणि ब्रिजची मागची कड यांच्यामध्ये कागद सहज फिरला पाहिजे. सॅडलची गोलाई फ्रेटबोर्डशी जुळवा. १९६२ च्या नमुन्यात तिची त्रिज्या सव्वासात इंचांची असते, म्हणजे बरीच गोल, म्हणून मधली दोन सॅडल स्पष्टपणे उंच दिसतील. बाराव्या फ्रेटवर सहावी तार २ मिलिमीटर आणि पहिली १.६ ते १.८ ठेवा, नेकला ०.२ मिलिमीटरच्या आसपास बाक असू द्या. याहून खाली गेलात तर पहिली तार वरच्या फ्रेटवर खेचताना आवाज मध्येच मरेल. ते या गोलाईचं गणित आहे, सेटअपवाल्याची चूक नाही.

उंची ठरली की सॅडलच्या प्रत्येक पेचाला निळ्या लॉकटाइटचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. लाल कधीच नको, तो सुटतच नाही. हातात काही नसेल तर रंगहीन नेलपॉलिशही काम करतं. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर त्याआधी पेच काढून कोरड्या ब्रशने साफ करा आणि गंज चढलेले फेकून द्या. दमट हवेत हे पेच सर्वांत आधी अडकतात आणि गंजलेल्या पेचाच्या डोक्यातला षटकोन ॲलन पान्याने गोल झाला की ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर नसतं.

हे सगळं केल्यावरही तार निसटत असेल, तर मात्र फेंडरच्याच मस्टँग गिटारीचा ब्रिज घ्या. त्यातल्या प्रत्येक सॅडलला एकच खोल खाच असते आणि तो त्याच खांबांच्या जागी बसतो. घेताना त्याची गोलाई तुमच्या फ्रेटबोर्डशी जुळते का ते विचारा, कारण त्यात प्रत्येक तारेची उंची वेगळी लावता येत नाही. बझ स्टॉप नावाची जी पट्टी ट्रेमोलोच्या पुढे लावतात, ती मी सुचवणार नाही. तारेला खाली दाबून ती कोन वाढवते खरी, पण दांडी हलवताना तार त्या रुळावर घासते आणि ही गिटार जे उत्तम करते तेच बिघडतं.

ते उत्तम म्हणजे काय? जॅझमास्टरचा ब्रिज मुद्दाम डुलणारा आहे. त्याचे खांब टोकदार पेचांवर उभे असतात, आणि दांडी दाबली की तारा सॅडलवरून घसरण्याऐवजी ब्रिजच तारांबरोबर पुढे-मागे झुकतो. घर्षण नाही, म्हणून सूर परत जागेवर येतो. केव्हिन शील्ड्स दांडी मुठीत धरूनच सतत स्ट्रम करतात आणि सूर अखंड लाटेसारखा वर-खाली होत राहतो. ते साधतं ते या डुलण्यामुळे. ब्रिज डुलतो हे पाहून काहीजण खांबांना टेप गुंडाळून तो घट्ट करतात. दांडी वापरणारच नसाल तर खुशाल करा, नाहीतर नको. फक्त सेटअप झाल्यावर ब्रिज सरळ उभा आहे ना ते बघा, आणि एका बाजूला झुकून अडकला असेल तर बोटाने मध्यावर आणा. तरीही सूर परत येत नसेल तर नटच्या खाचा तपासा. पेन्सिलचं शिसं घासून खाचेत भरलं तरी फरक पडतो. ११ च्या तारांना खाच अरुंद पडत असेल तर ती कारागिराकडून रुंद करून घ्यावी लागते.

ट्रेमोलोवर एक छोटं सरकबटण असतं, ते कुलूप आहे. बरेच जण ते कधी हातच लावत नाहीत. मधला स्प्रिंगचा स्क्रू थोडा जास्तच आवळा, दांडी दाबून कुलूप लावा आणि सगळ्या तारा सुरात आणा. आता कुलूप काढा. सूर चढेल. स्प्रिंगचा स्क्रू हळूहळू सैल करत तो पुन्हा बरोबर जागी आणा. झालं. यापुढे कार्यक्रमात एखादी तार तुटली आणि बाकीच्या चढल्या, तर दांडी दाबून कुलूप सरकवायचं; उरलेल्या पाच तारा सुराच्या अगदी जवळ राहतात. स्ट्रॅटोकास्टरवर ही सोय नाही.

आता आवाज. जॅझमास्टरचा पिकअप दिसायला गिब्सनच्या पी-९० सारखा, पण आत दोघांचं नातं नाही. पी-९० मध्ये कॉइलखाली आडव्या चुंबकपट्ट्या असतात आणि मधले स्क्रू फक्त लोखंडाचे. जॅझमास्टरमध्ये सहा खांब स्वतःच अल्निकोचे चुंबक, आणि त्यांच्याभोवती कॉइल रुंद आणि बुटकी, थालीपिठासारखी पसरलेली. रुंद कॉइल तारेचा मोठा पट्टा टिपते, म्हणून आवाजाला पाया आणि गोलाई येते; चुंबकी खांबांमुळे फेंडरची टोकदार धार टिकते. अनेक जपानी प्रतींमध्ये कव्हर मोठं असतं, पण आतली कॉइल अरुंद आणि उंच, जवळजवळ स्ट्रॅटोकास्टरची. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त ब्रँडमध्ये काही ठिकाणी सरळ पी-९० च्या जातीचे पिकअप असतात. म्हणून आधी कव्हरचे दोन स्क्रू काढा आणि बघा. कॉइल उंच आणि अरुंद दिसली, तर पैसे पिकअपवर घाला. त्या जुन्या आवाजासाठी दुसरा मार्ग नाही. कॉइल चपटी असेल तर पिकअप बरोबर आहेत आणि गडबड वायरिंगमध्ये आहे.

वायरिंग बघताना पॉटवरचा (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या बदलत्या रोधावरचा) आकडा वाचा. मूळ जॅझमास्टरला १ मेगओहमचे पॉट असतात, व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही. पिकअपवर दोघांचा मिळून भार पडतो ५०० किलोओहमचा. स्ट्रॅटोकास्टरचे २५० किलोओहमचे दोन पॉट मिळून भार होतो १२५. भार जेवढा हलका, तेवढी वरची झळाळी जास्त शिल्लक. कुणी दुरुस्तीत २५० चे पॉट टाकले असतील, तर मूळ पिकअपसुद्धा पांघरूण घातल्यासारखे वाजतील.

१ मेगच्या पॉटची एक किंमत मोजावी लागते. व्हॉल्यूम कमी केला की आवाज लगेच मंदावतो. पॉट मध्यावर असताना तो वाटेत २५० किलोओहमचा रोध उभा करतो. पाच मीटर केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली तर १३०० हर्ट्झच्या आसपासपासून वरचा भाग गळायला लागतो. स्ट्रॅटोकास्टरवर हीच मर्यादा ५००० च्या पुढे असते. ही बिघाडाची खूण नाही. तीन मीटरची केबल वापरा, किंवा व्हॉल्यूम पॉटवर आवाज आत येतो आणि बाहेर जातो त्या दोन टोकांमध्ये ३३० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडा, किंवा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून हातानेच हलकं वाजवा.

वरच्या शिंगावरचं सरकणारं स्विच आणि दोन चक्रं म्हणजे रिदम सर्किट. ते चालू केलं की फक्त नेकचा पिकअप चालतो, खालची दोन्ही बटणं आणि पिकअप निवडायचं तीन घरांचं स्विच निकामी होतात. तिथला टोनचा पॉट ५० किलोओहमचा, कपॅसिटर ०.०२ मायक्रोफॅरडचा. पॉट पूर्ण उघडा असला तरी पिकअपवर ५० किलोओहमचं ओझं आहेच, म्हणून हा आवाज मुळातच गडद. जॅझवाल्याने साथीला हा आवाज ठेवायचा, सोलो आला की स्विच मारायचं, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ‘गिटार बंद पडली’ म्हणून दुकानात येणाऱ्या जॅझमास्टरमध्ये बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं की मनगट लागून हे स्विच सरकलं आणि चक्रावरचा व्हॉल्यूम शून्यावर होता. सोल्डरिंग गन तापवण्याआधी तिकडे बघा.

गुणगुण येत असेल तर पिकअप निवडायचं स्विच मधल्या घरात ठेवा. दोन पिकअप उलट गुंडाळीचे आणि उलट चुंबकत्वाचे असल्यामुळे तिथे आपल्या ५० हर्ट्झची घूं बऱ्याच अंशी मरते. एकेकट्या पिकअपवर ती थोडी राहणारच. ती राहते त्याहून जास्त असेल आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर गिटारीच्या पोकळीतल्या पितळी डबीला जाणारी अर्थिंगची वायर तुटली आहे का ते तपासा. जुन्या सभागृहाच्या बोर्डालाच अर्थिंग नसेल, तर मात्र गिटारीत काही शोधू नका.

पिकअप फोमच्या गादीवर बसलेले असतात. फोम वयाने चिरडला की पिकअप तारांपासून दूर जातो, कव्हर लडबडतं आणि आवाज दुबळा होतो. सहा-सात मिलिमीटर जाडीचा दाट फोम कापून घाला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर, पहिलीखाली दोन. मग कानाने ठरवा.

पुढे कधी खरीखुरी जुनी घ्यायची वेळ आली, तर वर्ष ओळखायच्या खुणा अशा. सोनेरी ॲल्युमिनियमचा पिकगार्ड असेल तर १९५८–५९. रोझवूड जाड, तळाशी सपाट चिकटवलेलं असेल तर १९६२ च्या मध्याच्या आतली. त्यानंतर तो थर पातळ आणि खालून गोल झाला. फ्रेटबोर्डवरचे ठिपके मातकट रंगाचे असतील तर १९६४ पर्यंतची, मोत्यासारखे चमकत असतील तर नंतरची. फ्रेटबोर्डला कडेची पट्टी १९६५–६६ च्या सुमाराला आली, आणि ठिपक्यांऐवजी चौकोनी ठोकळे १९६६ मध्ये. पॉटवर ३०४६३२० असा आकडा दिसला तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल, ६३ साल, २० वा आठवडा. गिटार त्याच्या आधीची नाही एवढंच त्यातून कळतं. १९६६ चे पॉट फेंडरने पुढची काही वर्षं वापरले आहेत. सोल्डरचे ठिपके निस्तेज आणि न हललेले आहेत का, हे त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

परदेशातून मागवणार असाल तर आणखी एक गोष्ट. त्या काळातले अनेक फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचे आहेत आणि ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये वाद्यांना जी सूट मिळाली ती इतर रोझवूडना, याला नाही. विक्रेत्याकडे परवान्याचे कागद नसतील तर गिटार कस्टम्समध्ये अडकेल, म्हणून पैसे पाठवण्याआधी ते कागद मागून घ्या.